जाधवसाहेबांचं अंबेन

जाधवसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी तिथल्या फर्निचरचं पोट बघायचे. यजमान ‘या, या’ करत पुढे येतायत, वहिनी पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या, आणि हा साठीला टेकलेला माणूस गुडघे टेकून डायनिंग टेबलाखाली शिरलेला. खालून आवाज यायचा, “मफी.” बहरीनमध्ये राहणाऱ्याला हा शब्द पहिल्या महिन्यातच येतो. मफी म्हणजे नाही, काही नाही. टेबलात काही नाही, असा त्याचा अर्थ. मग ते उठायचे, गुडघे झटकायचे आणि पाणी प्यायचे.

“वरनं सगळंच चांगलं दिसतं,” ते म्हणायचे. “खालनं कोण बघणार, असं सुताराला वाटतं. म्हणून तिथं तो खरं बोलतो.”

मला विचाराल तर असा माणूस घरी बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. पण मी बोलवायचे. तुबलीला आमच्या कंत्राटदार कंपनीचं ऑफिस आणि मागे सुतारकामाचं मोठं वर्कशॉप. मी अकाउंट्समध्ये, आणि जाधवसाहेब दारं, खिडक्या, कपाटं यांच्या विभागाचे मुख्य. मी राजापूरची असल्यामुळे माझी जीभ तिखट, आणि त्यांची तर कातरीच. आमचं त्यामुळे जमलं. त्यांची बायको मंगलताई सलमानियाला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. ती बिचारी दोघांच्याही वाटचं गोड बोलायची.

त्यांना वेड होतं जावातल्या जुन्या खेडवळ सामानाचं. होय, जावा, इंडोनेशियातलं. बाकीचे मराठी लोक रजा मिळाली की गावाला जात, जमीन बघत, लग्नं उरकत. हे एक वर्ष गावाला आणि एक वर्ष जावाला. ‘तिकडे काहीतरी भानगड असणार,’ असं आमच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. सनाबिसच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात गेलं की भानगड दिसायची. भात साठवायची सागाची पेटी, तिला खाली चाकं, म्हणजे आग लागली तर ढकलत बाहेर काढता यावी. टांगायची मांडणी, निळा रंग उडालेली. लाकडी नवरा-नवरी, मांडी घालून बसलेली, नवरीच्या नाकाचा शेंडा गेलेला. एक खवणी होती घोड्याच्या आकाराची, पाठीवर बसायचं आणि तोंडातल्या लोखंडी पात्यावर नारळ खवायचा.

“पण ह्यात सुंदर काय आहे?” मी एकदा सरळ विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

“राजाच्या घरचं कोरीवकाम म्युझियममध्ये असतंय,” ते म्हणाले. “छान असतंय. पण तिथं हात लावायचा नाही. हे शेतकऱ्यानं शेतकऱ्यासाठी केलेलं. ह्याला हात लावायचा थांबलात की हे मेलं.” आणि त्यांनी माझा हात धरून मांडणीच्या कडेवर ठेवला. कड मधोमध गुळगुळीत होती आणि दोन्ही टोकांना खरखरीत. “बाईचा हात कुठं पोचायचा ते कळलं?” कळलं. ठेंगणी होती ती बाई, माझ्यापेक्षाही.

हीच नजर घेऊन ते एका वास्तुशांतीला गेले आणि तिचा विचका केला. आमच्यातल्या एका बँकवाल्याने मोठं घर घेतलं होतं भाड्याने, आणि हॉलमध्ये जावाचंच जुनं कपाट आणलं होतं. शंभर वर्षांचं म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेलं. वहिनी ते सगळ्यांना दाखवत होत्या. जाधवसाहेबांनी खण बाहेर काढला, उलटा केला, वास घेतला. “वहिनी, हे गेल्या वर्षीचं आहे. चहाच्या पाण्यात भिजवून साखळ्यांनी बडवलंय. ही बघा झीज, जिथं माणसाचा हात जाऊच शकत नाही तिथं. उंदरानं केली का?” मंगलताईंनी डोळे मिटून घेतले. वहिनी हसल्या, पण त्या घराचं आमंत्रण जाधवांना पुन्हा आलं नाही. मी म्हटलं, कशाला बोलायचं? तर म्हणाले, “त्या विचारत होत्या ना, कसं आहे म्हणून?” असा माणूस.

सगळ्यात मोठी वस्तू मात्र दारातून आत शिरल्या शिरल्या लागायची. लांबरुंद, गुडघ्याएवढ्या उंचीचं सागाचं बाजलं, त्याला जावात अंबेन म्हणतात. फळ्यांवर लाकूड तासायच्या वाकसाचे घाव अजून बोटांना लागायचे. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, अख्ख्या लाकडात एक खिळा नाही. एका टोकाला जागा जरा खोलगट झालेली, तिथे घरातला म्हातारा बसत असणार. त्याच्या शेजारी कडेवर सुरीच्या बारीक बारीक रेघा. रोज कोणीतरी सुपारी कातरत बसलेलं. आणि चारातला एक पाय पिवळसर. “हा फणस आहे,” मी म्हटलं. आमच्याकडे फणसाचं लाकूड लहानपणापासून बघितलेलं. जाधवसाहेब इतके खूश झाले की त्यांनी मंगलताईंना आतून हाक मारून बोलावलं. “पाय मोडला, दारचा फणस तोडला, पाय केला, खलास. लपवलं नाही की रंगवलं नाही. ह्याला म्हणतात दुरुस्ती.”

ते अंबेन त्यांना कसं मिळालं ते त्यांनी त्याच्यावरच बसून सांगितलं होतं. कंपनीने त्यांना एका हॉटेलच्या दारांसाठी लाकूड बघायला जावाला पाठवलं होतं. खेड्यातल्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली. समोर एका घरापुढे हे ठेवलेलं, दारात एक बाई उभी.

“मी विचारलं, बसू का? ड्रायव्हरनं तिच्या भाषेत सांगितलं, तर ती बाई हसायलाच लागली. त्यासाठीच ठेवलंय म्हणाली. चहा आणला. उकडलेली केळी आणली. नाव विचारलं. मी म्हटलं, रत्नाकर. पुढं काही विचारलंच नाही.” त्यांनी फळीवरून हात फिरवला. “मी आपला वाट बघतोय. पुढचा प्रश्न आला की उत्तर तयार, सवय असते ना. मग ड्रायव्हर म्हणाला, साहेब, ह्यांच्यात पुष्कळांना आडनावच नसतं. एकच नाव. जन्मल्यापासनं मरेपर्यंत.”

“मग?”

“मग काय. टायर केव्हाच लावून झालं होतं. मी बसून राहिलो.”

पुढच्या खेपेला ते मुद्दाम त्या घरी गेले. मुलाने सोफासेट आणला होता, अंबेन गोठ्यात, त्यावर कोंबड्या. बाईने ते द्यायचं कबूल केलं, पण विचारलं, तुमच्याकडे ह्याच्यावर कोण बसणार? हे म्हणाले, येईल तो. कंपनीच्या दारांबरोबर कंटेनरमधून ते बहरीनला आलं आणि दारातच मांडलं गेलं. पाकिस्तानी इलेक्ट्रिशियन आला तरी त्यावर, आमचा बहरीनी मॅनेजर आला तरी त्यावर. स्वतःच्या गावाबद्दल जाधवसाहेब फारसं बोलत नसत. एकदाच बोलले, तेही मंगलताई चहा ओतत असताना. “माझे वडील गावात कुणाच्या ओट्याला टेकले नाहीत. उन्हात उभं राहून बोलायचे.” मग म्हणाले, साखर कमी आहे.

माझी आई एका हिवाळ्यात व्हिजिटवर आली होती. तिला मी त्यांच्याकडे घेऊन गेले. घोड्याची खवणी बघून ती हरखली. साडी आवरून सरळ घोड्यावर बसली आणि नारळ खवायला लागली. “पातं बोथट झालंय हो, पण बसायला आमच्या विळीपेक्षा बरं.” जाधवसाहेबांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या खवणीवर नारळ कोणी खवलाच नव्हता. ते आईसमोर जमिनीवर बसले आणि दुसरा नारळ फोडायला घेतला.

आणि आईने विचारलं, “जाधव म्हणजे तुम्ही कुठले?”

“नगर जिल्हा.”

“ते झालं. पण जाधव म्हणजे…”

“तुम्ही जे विचारताय ना मावशी,” ते शांतपणे म्हणाले, “तेच आम्ही.”

आईने हातातली वाटी पुरी केली. मंगलताईंनी त्या खोबऱ्याच्या करंज्या केल्या. आई म्हणाली, मला गोड चालत नाही. माझ्या आईला साखरेचा त्रास नव्हता, आजही नाही. घरी येताना गाडीत मी तिला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, “मी काय वाईट बोलले? नुसतं विचारलं.” पुढच्या आठवड्यात जाधवसाहेब ऑफिसात माझ्या टेबलाशी आले. “मावशी बरोबर बोलल्या होत्या. पात्याला धार लावून घेतली.” एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कंपनीने सुतारकामाचा विभागच बंद केला. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की देश गेला. माणूस वीस वर्षं राहिला काय नि दोन वर्षं राहिला काय. जायचं होतं ऐरोलीच्या दोन खोल्यांत. मुलगी अस्मिता कॅनडात. तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “बाबा, इट्स जस्ट ओल्ड वुड. लेट इट गो.” जाधवसाहेबांनी मराठीत विचारलं, तुझ्याकडे पाठवू का? ती म्हणाली, “आय डोन्ट हॅव द स्पेस, बाबा.” चाकांची पेटी मंगलताईंच्या एका फिलिपिनो मैत्रिणीने नेली. ती तिच्यात तांदूळच ठेवते. खवणी माझ्याकडे आली. नवरा-नवरी आणि टांगायची मांडणी त्यांनी सामानात बांधली. राहिलं अंबेन.

सीफ भागातला एक दुकानदार ते घ्यायला तयार होता, दोनदा येऊन गेला. जाधवसाहेबांनी विचारलं, कुठे ठेवणार? तो म्हणाला, हॉटेलच्या लॉबीत, वर मोठ्या फुलदाण्या. “म्हणजे बसणार कोणी नाही,” असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्या माणसाची तेवढी एकच चिंता होती. घर गेलं, नोकरी गेली, त्याबद्दल हू की चू नाही. पण ह्याच्यावर माणसं बसली पाहिजेत. त्या बाईला सांगितलंय, म्हणायचे.

तेव्हा माझ्या नवऱ्याला, विवेकला, कल्पना सुचली. आम्हा काही मराठी घरांचं एक मंडळ होतं, तुबलीला एका गॅरेजवरचा हॉल भाड्याने घेतलेला. विवेक कमिटीवर. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांशिवाय काही नव्हतं. मंडळाला द्या, तो म्हणाला, सगळेच बसतील. जाधवसाहेब बराच वेळ विचार करत होते. शेवटी दिलं. सगळ्यांसमोर उभं राहून दोन अटी सांगितल्या. “लोकांनी बसायचं. आणि खिळा मारायचा नाही.” टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, हे आपल्या मंडळाचं भूषण आहे.

दोन महिने लोक बसले. खरंच बसले. पोरं लोळली, बायका पाय वर घेऊन गप्पा मारायच्या. मग आले गणपती. दरवर्षी मखरासाठी टेबलं जोडायची कटकट असायची. ह्या वर्षी कोणाच्यातरी डोक्यात उजेड पडला की एवढं सागाचं सिंहासन घरात असताना टेबलं कशाला? अंबेनाचं सिंहासन झालं. त्यावर लाल मखमल चढली, आणि ती सरकू नये म्हणून कडेने बारीक खिळ्यांची रांग. मी पाहिलं तेव्हा विवेकला तिथेच फाडून खाल्लं. तो म्हणाला, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि कोणी वाईट हेतूने केलंय का?

कोणीच वाईट हेतूने काही करत नाही, हेच तर दुखणं आहे आमचं. विसर्जन झालं. मखर उतरलं, पण मखमल राहिली. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एक बाई अंबेनावर टेकायला गेल्या आणि दुसरीने त्यांना हाताने थांबवलं. “अहो, देव बसले होते ना तिथं. आता आपण कसं बसायचं?” त्या बाईंनी जीभ चावली, मखमलीला हात लावून नमस्कार केला. झालं. पुढच्या आठवड्यात समोर दोरी आली. कमिटीने काही ठरवलं नव्हतं, कोणी विरोधही केला नाही. पंधरा शिकलेल्या माणसांत एकाला वाटलं नाही की बाजल्यावर बसायचं असतं. मी जाधवसाहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बघू.

नवरात्रात त्यांचा निरोप समारंभ होता. अंबेन दिल्याबद्दल शाल-श्रीफळही होतं. आणि गंमत बघा, सत्कारमूर्तीसाठी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली होती, नेमकी त्या दोरीच्या शेजारी. जाधवसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खुर्चीकडे गेले, दोरीचा आकडा काढला, दोरी गुंडाळून खुर्चीवर ठेवली आणि अंबेनाच्या मधोमध बसले.

अध्यक्ष माईकवरच म्हणाले, “साहेब, आपली खुर्ची इकडे आहे.”

“दिसली.”

“नाही, म्हणजे तिथं बाप्पा बसले होते.”

“हो, कळलं मला. ते गेले ना पण?”

दोघं-तिघं हसले. अध्यक्षांनी माईक खाली घेतला. जवळ जाऊन हळूच म्हणाले, “लोकांच्या भावना असतात हो.”

“मी हे देताना काय म्हटलं होतं?” जाधवसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांचा हात मखमलीच्या कडेवरून, खिळ्यांवरून फिरत होता. “बसायचं म्हटलं होतं. बसलोय. तुम्हाला विटाळ वाटत असेल तर मी गेल्यावर धुऊन घ्या.”

तो शब्द त्या हॉलमध्ये कोणी कधी उच्चारला नव्हता.  अध्यक्ष म्हणाले, “काहीतरीच काय साहेब. आपल्यात असं काही आहे का?” आणि दोन पावलं मागे सरकले.

मंगलताई उठल्या. आयुष्यभर दोघांच्या वाटचं गोड बोलणारी ती बाई एक अक्षर न बोलता नवऱ्याशेजारी जाऊन बसली. त्यांच्या शेजारी मी. त्यात शौर्य काही नव्हतं, नुसता राग होता. चौथं माणूस काही आलं नाही. माझा नवरा स्पीकरची बटणं फिरवत कोपऱ्यात उभा होता. शाल हातात दिली गेली, नारळ हातात दिला गेला, भाषणं उरकली. बटाटेवडे मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मोठं पातेलं आणायला मी हॉलवर गेले. हॉलमध्ये अंबेन नव्हतं. गच्चीचं दार उघडं होतं. मखमल कठड्यावर वाळत घातलेली, पाणी ठिबकतंय, आणि अंबेन उघड्या उन्हात, काळंभोर ओलं. खाली पाण्याची थारोळी. मी तिथूनच विवेकला फोन लावला. तो म्हणाला, “आज देवीची आरती आहे म्हणून धुतलं. जाधवांचा काय संबंध? तू प्रत्येक गोष्ट तिकडेच नेतेस.” त्या हॉलची फरशी पुसायला एरवी एकाला वेळ नसतो. सणासुदीला झाडू मारायलासुद्धा माणूस शोधावा लागतो. त्या दिवशी सकाळी आठच्या आत चार पुरुषांनी ते धूड गच्चीवर चढवलं होतं. मी एकटीने हलवायचा प्रयत्न केला, फणसाचा पाय तेवढा जरा सरकला.

त्यांचं विमान त्याच दिवशी दुपारचं. मुहर्रकला विमानतळावर मीच सोडायला गेले. गाडीत अस्मिताचं, ऐरोलीच्या पाण्याचं, सामानाच्या वजनाचं बोलणं झालं. मंगलताई ट्रॉली घेऊन पुढे गेल्या. जाधवसाहेब मागे राहिले. पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला, पुन्हा काढून बघितला, पुन्हा घातला.

“धुतलं का हो?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ह्या माणसासमोर खोटं टिकत नाही. “धुतलं,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चेहरा तसाच. ते काचेतून बाहेरच्या पार्किंगकडे बघत होते. तिथे उन्हाने डोळे उघडवत नव्हते.

“एवढं सांगा त्यांना,” ते म्हणाले. “सावलीत वाळवा म्हणावं. जुना साग आहे. ओला उन्हात ठेवला तर तडा जातो.”

“सांगते,” मी म्हटलं.

मग ते आत गेले. तपासणीच्या रांगेत त्यांनी पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला, एका हाताने पॅंट धरली आणि मंगलताईंच्या मागे उभे राहिले.